विमानाआधी पोचलेला मुलगा

१

"माझा पोऱ्या पोचला, पन त्याचा विमान नाय पोचला!"

गोजरबाई आमच्या ऑफिसच्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, आणि समोर खुर्ची असताना मटकन उंबऱ्यावरच बसल्या. त्यांच्यामागून त्यांची मुलगी सोनिया रिक्षावाल्याला पैसे देऊन धावत आली. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

मी विक्रांत. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आमचं विमान तिकिटांचं ऑफिस आहे. पाटीवर नाव माझं आणि डोकं माझ्या बायकोचं, संध्याचं, हे अख्ख्या कॅम्पाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक येतं, मला नमस्कार करतं आणि बोलायला तिच्याकडे वळतं. सुरुवातीला मला राग यायचा. आता मी निमूटपणे चहा सांगतो. त्या दिवशी मात्र मी चहा सांगायचंही विसरलो, कारण गोजरबाईंच्या मुलाचं, सुयोगचं लंडनचं तिकीट आम्हीच काढून दिलं होतं.

संध्याने गोजरबाईंना उठवून पंख्याखाली बसवलं. "मावशी, नीट सांगा. काय झालं?"

उत्तर सोनियाने दिलं. सुयोग लंडनला शिकायला निघाला होता. पहाटे मामेभाऊ कैलासच्या गाडीतून ती दोघं त्याला विमानतळावर सोडून आली आणि घरी येऊन झोपली. दुपारी बाराच्या आधी आईच्या फोनवर सुयोगच्या नंबरवरून मेसेज आला. सोनियाने फोन पुढे केला. मी वाचलं.

"पोचलो. आता तू जेव."

"मग चांगलं आहे की!" मी म्हणालो. संध्याने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"कसं चांगलं, दादा?" सोनिया म्हणाली. "मी उठले तेव्हा आई केर काढून, जेवून बसली होती. म्हणे भाऊ पोचला. अहो, विमान अजून हवेत आहे! मी लंडनमधल्या त्याच्या मित्राला, आकाशला फोन लावला, तो त्याला आणायला जाणार होता. तो झोपेतच म्हणाला, कुठे आलाय? विमान आलंच नाही. मग मी सुयोगला फोन लावला." ती संध्याकडे वळली. "रिंग वाजली, ताई. पूर्ण वाजली. कोणी उचलला नाही."

गोजरबाईंना त्यातलं अर्धंच कळलं असावं. मला सगळं कळलं. विमानात बसलेल्या माणसाचा फोन असा वाजत नाही. फोन वाजतोय, म्हणजे तो फोन जमिनीवर आहे.

मग सुयोग कुठे आहे?

२

संध्याने आधी विमान कंपनीला फोन लावला. प्रवासी चढला की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, असं तिकडच्या मुलीने गोड आवाजात तीनदा सांगितलं. विमान मात्र वेळेवर उडालं होतं. संध्याने ते स्क्रीनवर दाखवलं. एक पिवळं चिन्ह युरोपच्या अलीकडे मुंगीच्या चालीने सरकत होतं.

"मुंबई ते लंडन सात हजार किलोमीटरच्या वर आहे, मावशी. जायला दहा तास लागतात. आपल्याकडे सव्वाचार वाजतील तेव्हा ते उतरेल."

"पन कागदावर पावणेबारा लिवलाय," गोजरबाई म्हणाल्या. "पोरीने फ्रिजला लावलाय तो कागद. रोज बघत व्हते मी."

"ते तिकडचे पावणेबारा. त्यांच्याकडे सूर्य आपल्यापेक्षा उशिरा येतो. विमान सूर्याच्या मागेमागे पळतं, म्हणून कागदावर प्रवास लहान दिसतो."

गोजरबाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष त्या पिवळ्या चिन्हावर होतं. "त्याच्यात हाय ना माझा सुयोग?"

संध्याने स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली. ती उत्तर टाळते तेव्हा मला भीती वाटते.

सोनिया मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "दादा, सुयोगचं मन लागत नव्हतं. बाबा आठ महिने त्याच्याशी बोलत नाहीत. आता पालेगावात आमच्या जमिनीचा एकच तुकडा उरलाय, भेंडीचा, बाकी सगळीकडे टॉवर. बाबा म्हणाले, तू चाललास तर हा मी राखला कोणासाठी? त्या दिवसापासून बोलणं बंद. आज निघताना हा पाया पडला, तर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. गाडीत हा एक शब्द बोलला नाही. त्याने स्वतःचं काही..."

हल्ली मुलांना फसवून भलत्याच देशात नेणाऱ्यांच्या बातम्या मी रोज वाचतो, त्याही नेमक्या तेव्हाच आठवल्या. शेजारचे फर्निचरवाले सिंधी काका डोकावून "सब ठीक आहे ना साईं?" म्हणाले, त्यांना मी हो म्हटलं. खोटंच म्हटलं.

संध्या पुन्हा मेसेज वाचत होती. "मावशी, तुम्ही सकाळपासून जेवला नव्हता?"

"नाय. आमच्यात मानूस लांब गेला का तो पोचंपर्यंत घरात केर काढत नाय, डोक्यावरून पानी घेत नाय. मी जेवत पन नाय. तो माझा नेम."

"तुम्हाला शुगर आहे ना?"

"हाय. म्हनून तं सुयोगला सांगितला नाय. वरडला असता."

संध्याने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. "अहो, शटर ओढा. आपण पालेगावला जातोय."

"पोलिसांकडे नाही?"

"सव्वाचारनंतर. गरज पडली तर."

३

गोजरबाई आणि सोनिया पुढच्या रिक्षात बसल्या. मागच्या रिक्षात मी संध्याला विचारलं, की तुला काय दिसलं जे मला दिसलं नाही. ती म्हणाली, "दिसलं तुम्हालाही, तुम्ही वाचून सोडून दिलंत." लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी अशा वाक्यांची मला सवय झालेली नाही.

पालेगावातलं त्यांचं घर दोन टॉवरच्या मध्ये आहे. खाली गोजरबाईंची चुलत जाऊ विठाकाकी राहते आणि वर हे कुटुंब. आम्ही पोचलो तर कैलास जिन्यातच बसला होता. त्याने विमानतळावरच्या दोन ओळखीच्या टॅक्सीवाल्यांना आत विचारायला पाठवलं होतं.

"कसम से ताई, मी त्याला आत जाताना बघितलाय," तो म्हणाला. "पोलिसाने पासपोर्ट बघितला, हा आत गेला, वळून हात केला. मी आत्याला बोललो पण, चारपर्यंत झोपतो, तेव्हा त्याचा फोन येईल."

"फोटो काढलेस का?"

"एकच. तो पण माझ्या मोबाइलवर. बोलला, तुझ्याच फोनवर काढ नि तूच आईला पाठव, मला आता तिकडे गेल्यावरच पाठवता येईल. मी बोललो ठीक हाय."

फोटोत सुयोग हसत होता, पण डोळे सुजलेले होते. संध्याने तो बोटांनी मोठा केला आणि त्याच्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. मग सोनियाला दाखवला. सोनिया म्हणाली, "हा त्याचा फोन नाही. त्याच्या फोनची काच कोपऱ्यात तडकलेली आहे."

"म्हणजे कोणी तरी त्याचा फोन..." मी सुरुवात केली.

"अहो," संध्या म्हणाली. मी थांबलो.

विठाकाकी पदराला हात पुसत वर आली. घरच्या भानगडीत तिला न बोलावता यायची सवय असावी, कारण कोणीच तिच्याकडे वळून बघितलं नाही. संध्याने तिलाही सोडलं नाही. "काकी, तुम्ही मेसेज करता का कोणाला?"

"मी? मना मिस कॉल देता येतो फकस्त. नि त्याचा विमान उद्या पोचतो ना? मी उद्याचा नारळ आनून ठेवलाय."

त्या परिस्थितीतही कैलासला हसू आलं. सोनियाने मात्र संध्याचा रोख ओळखला होता. ती जरा तुटकपणे म्हणाली, "ताई, तुम्ही घरातल्यांवर संशय घेताय? माझी कंपनी इंग्लंडच्या गिऱ्हाइकांचे फोन घेते. त्यांची सकाळ झाली की माझी शिफ्ट सुरू होते. मी असला मेसेज पाठवायचा ठरवला असता, तर तो दुपारी बाराला पाठवला असता का?"

"नाही," संध्या शांतपणे म्हणाली. "तू चुकली नसतीस."

तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. गोजरबाईंचे यजमान बाळाजी शेतावरून आले होते. पायांना माती, हातात भेंडीची पिशवी. एवढी माणसं बघून ते दारातच थांबले.

४

"सुयोगचा पत्ता लागत नाही, बाबा," सोनिया म्हणाली. "तो पोचलेला नाही."

"पोचला नाय म्हंजे?" बाळाजींचा आवाज एकदम चढला. "पावणेबाराला पोचतोय ना तो!"

"ती तिकडची वेळ आहे. विमान अजून हवेत आहे, आणि त्याचा फोन इथे कुठे तरी वाजतोय. तो विमानात नाहीच की काय, ते कळत नाही."

बाळाजींच्या हातातली पिशवी खाली पडली. तोंड उघडून ते पुढे आले, पण गोजरबाई त्यांच्यावर इतक्या जोरात फिरल्या, की मीही दचकलो.

"तुमी गप बसा! पोर पाया पडत व्हता तवा तोंड फिरवलात ना? आता त्याच्यावर एक शबुद बोलायचा नाय तुमी. सकाळी पन तेच सांगितला नि आता पन तेच सांगते."

बाळाजी भेंड्या गोळा करायला म्हणून खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मला त्या माणसाचा आधी राग आला होता. त्यांची पाठ बघून तो कमी झाला.

संध्या घरभर हिंडत होती. स्वयंपाकघराच्या दारामागे सुपलीत केर होता. गोजरबाईंनी तो मेसेज आल्यावर काढला होता आणि बाहेर टाकायच्या आत घरात धावपळ सुरू झाली होती. माझी बायको त्या सुपलीपाशी उकिडवी बसली आणि बोटांनी केर चिवडू लागली. गिऱ्हाइकांसमोर असं काही केलं की मला संकोच होतो. पण तिने त्यातून एक गोष्ट काढली आणि माझा संकोच पळाला. मोबाइलच्या काचेवर नवा गार्ड लावताना सोलून काढतात तो पातळ प्लास्टिकचा पापुद्रा होता. सोबत काच पुसायच्या ओल्या कागदाचं फाडलेलं पाकीट.

"मावशी, हे कुठल्या खोलीत होतं?"

"यांच्या खाटेखाली. का गं?"

"रोज केर कधी काढता?"

"उजाडायच्या आत काढते. आजच ऱ्हायला, पोर निघाला म्हनून."

संध्या उठली. तिच्या चेहऱ्यावर आता काळजी नव्हती. "सगळे बसा. सुयोग विमानातच आहे."

गोजरबाई भिंतीला टेकल्या. सोनियाने त्यांचा हात धरला.

"मेसेज कोणी पाठवला, ते आधी बघू," संध्या म्हणाली. "त्यात लिहिलंय, आता तू जेव. मावशी उपाशी आहेत हे सुयोगला ठाऊकच नव्हतं, त्यांनी त्याच्यापासून लपवलं होतं. म्हणजे मेसेज पाठवणारा आज सकाळी या घरात होता. त्याने तो कागदावरच्या वेळेला पाठवला. लंडनचे पावणेबारा आणि पालेगावचे पावणेबारा एकच, असं त्याला वाटलं. सोनिया तसं समजणार नाही. कैलासने तर चार वाजता फोन येईल असं सांगूनच ठेवलं होतं. काकी उद्याची वाट बघताहेत. आणि सुयोगकडे नवा फोन आहे, तो फोटोत दिसतो. तिकडे गेल्याशिवाय त्यावरून काही पाठवता येणार नाही, हे त्यानेच सांगितलं. जुना फोन त्याने जाताना कोणाला तरी दिला. नुसता दिला नाही, काल रात्री त्या फुटक्या काचेवर नवा गार्ड चढवून दिला. तो ज्या खाटेपाशी बसून चढवला, त्या खाटेखालचा केर रोजच्यासारखा निघाला असता, तर मला हे कधी कळलं नसतं."

सगळ्यांच्या माना हळूहळू वळल्या.

"काका," संध्या म्हणाली, "मुलाशी बोलणं बंद असलेल्या माणसाला विमान किती वाजता उतरतं हे इतकं पाठ कसं?"

बाळाजींनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि फोन काढून जमिनीवर ठेवला.

५

बाळाजी फोनकडे बघतच बोलू लागले.

"काल रातच्याला माझ्या खाटंवर येऊन बसला. काय बोलला नाय. मी पन नाय. हा फोन घेऊन किती येळ काय काय करत व्हता. अक्षरं मोठी केली. मंग माझ्या हातात दिला नि बोलला, बाबा, पोचलो का पयला फोन याच्यावर करीन. मी काय बोलनार? सकाळी तो पाया पडला तवा तोंड फिरवला, ते डोळ्यांतला पानी त्याला दिसू नये म्हनून. तो दिसला असता तं पोर गेला नसता."

"आणि मेसेज?" संध्याने विचारलं.

"ही गोळी घ्यायला तयार नाय, खायला तयार नाय. गेल्या वर्सी अशीच चक्कर येऊन पडली व्हती. मी बोललो, जेव, तं बोलते तुमी बोलूच नका. मंग माझा कोन ऐकनार? त्याचा ऐकते ती." त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "म्हनून त्याच्या नावाने लिवला. मना वाटला, कागदावर हाय तं पोचलाच आसंल. नंतर फोन खिशात ठेवून शेतावर गेलो. त्याचा आवाज बंद कसा झाला ते मना कळला नाय. तुमी एवढे घाबराल असा नव्हता वाटला."

सोनिया उठली आणि वडिलांच्या मांडीपाशी जाऊन बसली. कैलास उगाचच खिडकीतून टॉवर बघत होता. आम्ही कुठला गुन्हेगार शोधायला आलो होतो आणि हाती काय लागलं! सुपलीभर केर चिवडून माझ्या बायकोने त्या घराला त्याचा माणूस परत दिला होता. अशा बाईशी आपलं लग्न झालं याबद्दल कोणाचे आभार मानावेत हे मला त्या क्षणी सुचलं नाही, म्हणून मी नुसता तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

गोजरबाई मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. राग नव्हता, पण डोळे बारीक झाले होते. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून झाकण उचलल्याचा आवाज आला.

सव्वाचार होऊन गेले होते, तेवढ्यात जमिनीवरचा फोन उजळला. आवाज बंदच होता, पण तो थरथरत फरशीवर सरकू लागला. उचलताना तो बाळाजींच्या हातातून दोनदा निसटला. सोनियाने बटण दाबून दिलं.

"बाबा?" सुयोगचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू आला. "बाबा, पोचलो. आत्ताच उतरलो, इथल्या वायफायवरून बोलतोय. ऐकू येतंय का? आईला सांगा. आणि तुम्ही..." तो थांबला. "बाबा, तुम्ही बोला ना काही तरी."

"हां," बाळाजी म्हणाले. खाकरले. "थंडी हाय का तिकडं?"

"आहे थोडी."

"कानाला बांध काय तरी."

आठ महिन्यांनंतरचं बोलणं एवढंच झालं. पुढे फोन सोनियाकडे गेला, कैलासकडे गेला, विठाकाकीने नारळ आजच फोडू का म्हणून विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर तो गोजरबाईंकडे न्यावा म्हणून सोनिया वळली. गोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात झाकलेलं ताट होतं.

"हा तुमचा ताट," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सकाळी वाढून ठेवला व्हता, तसाच हाय. मी जेवले, मंग तुमी का नाय जेवलात?"

बाळाजी पायावरची माती खरवडू लागले.

"मना लिवून दिलात पोचला म्हनून. तुमाला मात्र तो कागद पुरला नाय."

"त्याचा आवाज नव्हता ऐकला ना," बाळाजी पुटपुटले. "घशाखाली उतरंना."

आतापर्यंत न रडलेल्या गोजरबाई तिथे रडल्या. रडतच त्यांनी सोनियाच्या हातातला फोन घेतला आणि म्हणाल्या, "सुयोग, बाळा, जरा मागून कर फोन. तुझ्या बापाला जेवाया वाढते."

त्यांनी ते थंड ताट आत नेलं, भात गरम केला, वर तूप घातलं आणि ताट आणून बाळाजींच्या पुढे ठेवलं. ते जेवेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत. आम्ही निघतो म्हणालो तर त्यांनी संध्यालाही खाली बसवलं आणि तिच्याही पुढे ताट ठेवलं.